दाराबाहेरच्या तीन हाका

“दार लागते होऽऽ! कोनाचं मानूस रायलं का वरऽऽ?”

करुणा ओरडत होती. आमच्या गडाच्या दाराबाहेर एक काळा दगड आहे, त्यावर उभी राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, बेंबीच्या देठापासून. समोरच्या टेकडीनं हाक झेलली आणि जशीच्या तशी परत फेकली. खाली बांधलेल्या दोन बकऱ्या उठून उभ्या राहिल्या. जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांमधून सहलीला आलेली चाळीसेक माणसं, त्यांचे डबे, चटया, नातवंडं, सगळं एका दमात चूप झालं. मग तिसरी हाक गेली. सगळ्यात लांब.

“मी भायेर हावोऽऽ!”

टाळ्या पडल्या. तिला पडल्या ते ठीकच झालं. पण मग ती माणसं माझ्याकडे वळली, आणि मला त्याहून जास्त पडल्या. मी बाजूला उभा होतो. डोक्यावरचा फेटा काढून हातात धरला होता, डोळे जरा ओले केले होते. (मला करता येतात. दंडारीच्या नाचात वीस वर्षं राजा झालो आहे, कधी कधी राणीसुद्धा.) एका काकांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले की एवढं मोठं मन आजकाल कुठं पाहायला मिळते.

त्या टाळ्या मी घेतल्या. पाठही थोपटून घेतली.

आणि त्या घेताना मला काय ठाऊक होतं — हे मी आजपर्यंत एका जिवाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गुरुजींना नाही, दोन घोट पोटात गेल्यावर ज्याला सगळं सांगतो त्या माझ्या साडभावालाही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणूनच बहुतेक जमेल.

तर मी शालिक. गडावरचा गाइड. गडाचं नाव लिहीत नाही; आंबागडाच्या अल्याडपल्याड अशा टेकड्या पुष्कळ आहेत, त्यातली एक आमची समजा. उंची कागदावर काय असेल ती असो. मी लोकांना सांगतो, वरून टोपी पडली तर खाली पोचेपर्यंत तिची फॅशन जाते. माझ्या आवाजाबद्दल सांगायचं तर एकदा वरठी स्टेशनात गाडी सुटायच्या बेतात होती, मी इथून सहज हाक दिली आणि गार्डानं झेंडी खाली घेतली. खोटं वाटते? गार्डाला विचारा. बदली झाली बिचाऱ्याची, पण विचारा.

गोष्ट फुगवणं म्हणजे खोटं बोलणं नाही, असं मी जन्मभर मानत आलो. मुरमुरा फुगते, पण असते तो तांदूळच ना? आता यावर तुम्ही मान डोलवाल. तिथंच मी तुम्हाला पकडलं. कारण मी जे केलं ते फुगवणं नव्हतं — तांदूळच दुसऱ्याच्या कोठीतला होता.

त्या दगडाची गोष्ट ऐका. त्यावर दोन खळगी आहेत, पावलांच्या मापाची. डावं पुढं, उजवं मागं, जरा तिरकं. त्यात पाय ठेवला की तुमचं तोंड आपोआप समोरच्या टेकडीच्या खिंडीकडं वळते, आणि हाक दिली की ती अखंड परत येते. दोन बोटं इकडंतिकडं झाली की आवाज दरीत सांडलाच म्हणून समजा. हे गुपित गडावर मला एकट्यालाच ठाऊक होतं. म्हणजे मी तसं सांगायचो.

मी सांगायचो की माझ्या पणजोबाचे पणजोबा या गडाचे किल्लेदार होते. दिवस मावळला की या दगडावर येऊन तीन हाका देत. पहिली दाराची — दार लागते हो. दुसरी माणसाची — कोनाचं मानूस रायलं का वर. आणि तिसरी, मी भायेर हावो. तिसरीच्या आधी मी मिशीला हात लावायचो. त्यांचं पाऊल असं वजनदार, सांगायचो, की दगड झिजला पण बाणा झिजला नाही. तुमसरच्या बाजारातून भगवा फेटा आणला होता. नऊ वर्षं हा खेळ चालला. पोरं सेल्फी काढायची, बाया नातवंडांना माझ्या पायावर घालायच्या. गावातले लोक मला किल्लेदार म्हणू लागले. आधी चिडवायला म्हणायचे, मग चिडवायचं विसरले, नाव तेवढं राहिलं. पोरीच्या लग्नपत्रिकेत मी ‘किल्लेदार घराणे’ छापून घेतलं. व्याही हसले. छापील होतं, काय करणार?

खरं सांगू? माझं घराणं धानाच्या बांधीतलं. सात पिढ्या चिखलात. गडाशी आमचा संबंध एवढाच की आजोबांनी तिथला एक चांगला चिरा बैलबंडीत घालून आणला आणि न्हाणीच्या पायरीला लावला. अजून आहे. त्यावर बसून मी अंग घासतो.

हे एवढं तर आता सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी स्वतःच जाहीर केलं ना — त्याच्याच तर टाळ्या पडल्या होत्या. त्याच्या खालचं सांगायचं आहे. थांबा जरा.

आमचा गड गावची समिती चालवते. अध्यक्ष म्हणजे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, बोलण्याआधी दोनदा चष्मा पुसणारे. तेव्हा आम्ही पाच जण कामाला होतो. दोघे गाइड, एक तिकिटावर, एक राखणदार, हे चौघे एकमेकांचे सोयरे किंवा सोयऱ्यांचे सोयरे. पाचवी झाडणारी बाई, ती पायथ्याच्या वस्तीतली. ती वस्ती आजोबांच्या पिढीत बौद्ध झाली. वस्ती आणि गड यांच्यात एक पांदण तेवढी आहे, पण त्या पांदणीनं झाडूच काय तो वर चढत होता.

गुरुजींनी एका बैठकीत चष्मा पुसला आणि म्हणाले की गड साऱ्या गावाचा, मग तो एकाच आळीच्या तोंडानं काहून बोलते? जागा निघाली, मुलाखती झाल्या, आणि करुणा आली. त्याच वस्तीतली, नागपूरला इतिहासात एमए केलेली, स्कूटीवर. गडाची पहिली बाई गाइड. पहिल्या दिवशी तिकिटाच्या खोलीत कोणीतरी म्हणालं की आता झाडूवाले इतिहास सांगतीन. मी हसलो. बोललो नाही हो, फक्त हसलो. हसणं मोजलं जात नाही असं मला वाटायचं. त्याच आठवड्यात माठावर दुसरा पेला आला, निळ्या प्लॅस्टिकचा. कोणी आणला? कोणीच नाही. असे पेले आपोआप येतात.

आणि बाई कशी सांगायची म्हणता? मी बुरूज चाळीस हात उंच म्हटला की ती टेप लावून बावीस काढायची. वाघ नाही, भुयार नाही, गुप्तधन नाही. मी मनात म्हटलं, हिच्यामागं कुत्रं थांबाचं नाही. आणि लोक थांबायचे! हळू बोलायची, म्हणून जवळ यायचे. मला आयुष्यभर लोक लांबून ऐकत आले होते, तिला जवळ येऊन ऐकत. मला ते बोचलं. अजून थोडं बोचते, लपवत नाही.

तिच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. ती त्या दगडाशी थांबली आणि लोकांना म्हणाली की इथं दार राखणारे उभे राहत. आमच्या वस्तीतले. संध्याकाळी हाका द्यायचे, दार आतून बंद व्हायचं, आणि हे रात्रभर बाहेर. ज्यांच्या भरवशावर गड झोपायचा त्यांना गडात झोपायची मुभा नव्हती. माझी आजी सारजाबाई पाय चालत होते तोवर इथं उभी राहून हाका देत होती, तिनं मला हे सांगितलं.

नेमका तेव्हाच मी माझा घोळका घेऊन मागं पोचलो. फेट्यात. एका दगडाचे दोन मालक एका वेळी लोकांनी पाहिले, आणि बोंब झाली.

गुरुजींनी दोघांनाही बोलावलं. नवे फलक रंगवायचे होते, दगडापाशी काय लिहायचं ते त्याच दिवशी ठरायचं होतं. गुरुजी करुणाला म्हणाले की पोरी, तुझं मला पटते, पण घरच्याची साक्ष घरापुरती. फलकावर लिहायला बाहेरचा एक तरी माणूस पाहिजे, ज्यानं हे सारजाबाईच्या तोंडून ऐकलं आहे. वस्तीच्या बाहेरचा असा कोणी आहे का? ती म्हणाली, असंन. एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात. नुसतं पाहणं.

आता एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? माझ्या किल्लेदार पणजोबाला बाहेरची साक्ष कोणी मागितली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी म्हटलं आणि तो झाला. माझ्या ध्यानात हे तेव्हाच आलं होतं, त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर.

गुरुजींनी विचारलं, “शालिक, तू सारा जनम गडावर काढला. सारजाबाईच्या तोंडून हे कधी आयकलं का तू?”

मी म्हणालो, “नाही गुरुजी. आपून तं कधी आयकलं नाही.”

झालं. फलक रंगला: किल्लेदाराच्या पाऊलखुणा. एका दगडाच्या दोन गोष्टी नको म्हणून करुणाला ‘सध्या’ तिकिटाच्या खिडकीवर बसवलं. ते सध्या दीड वर्ष चाललं. दीड वर्ष एमए झालेली पोरगी तिकिटं फाडत होती, आणि खिडकीतून दहा पावलांवर मी रोज तिच्या आजीच्या दगडावर उभा राहून तिच्या आजीच्या हाका देत होतो. तिची फाडलेली तिकिटं मात्र पाहावीत. एकसारखी, पट्टीनं कापल्यासारखी.

तर — मी ऐकलं होतं का?

मी एकोणीस वर्षांचा होतो. बारावीत नापास झालेला, घरी तोंड दाखवायची लाज, म्हणून चारं, चारोळीची फळं, वेचायला एकटाच गडावर गेलो. तेव्हा तिकीट नव्हतं, समिती नव्हती, दाराच्या फळ्यासुद्धा उरल्या नव्हत्या. नुसती कमान आणि जंगल. आभाळ भरून आलं, अंधारून आलं, आणि मला वाट सापडेना. जिकडं जावं तिकडं तोच बुरूज. झुडपात अस्वल होतं. हे फुगवलेलं नाही. फुगवायचं असतं तर दोन केली असती. मी एका चिऱ्याला टेकून बसलो आणि रडलो. मोठ्यानं. ज्या आवाजानं गाडी थांबवली म्हणतो, त्याच आवाजानं.

आणि हाक आली. कोनाचं मानूस रायलं का वर?

मी त्या आवाजाच्या दोरीला धरून खाली आलो. दगडावर एक म्हातारी उभी होती, पायाशी टेंभरांची, टेंभुर्णीच्या फळांची टोपली. सारजाबुढी. दिवसभर पायथ्याशी टेंभरं विकायची आणि घरी जाताना वर येऊन तीन हाका द्यायची. दार नव्हतं तरी. तिच्या सासऱ्यानं दिल्या, त्याच्या बापानं दिल्या, म्हणून. मी विचारलं की बुढे, मी वर आहो हे तुले कसं समजलं? ती म्हणाली की चढतानी मोजलं होतं तुले, उतरतानी दिसला नाही.

मग तिनं लोटा पुढं केला. मी सगळं पाणी प्यालो. घटाघटा, लोटा उलटा होईपर्यंत. तोंड पुसलं, आणि जीव थाऱ्यावर आल्याबरोबर माझ्या तोंडून पहिलं काय निघालं सांगू? मी म्हटलं, “बुढे, घरी नोको सांगू.”

“काय? चुकला म्हनून?”

“नाही. तुह्या हातचं पानी पेलो म्हनून.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. पदरानं लोट्याचा काठ पुसला. “बरं,” म्हणाली.

त्यानंतर सारा उन्हाळा मी संध्याकाळी तिच्याकडे जायचो. कायले? आवाजाचं वेड. तिनं माझे पाय धरून खळग्यांत ठेवले, हनुवटी वळवली, श्वास कुठून घ्यायचा ते पोटावर बोट ठेवून दाखवलं. तीन हाका शिकवल्या. ती खळगी पायांनी झिजली की छिन्नीनं कोरली, देव जाणे. ती म्हणायची पायांनी. तिसरी हाक मला कळत नव्हती. दार लावलं, माणसं मोजली, मग मी बाहेर आहे हे ओरडून सांगायचं कशाला? मी तिला विचारलं.

“आतल्याले समजाले पाह्यजे ना, का भायेर कोनी जागं हाये,” ती म्हणाली. “तवाच तो झोपते.”

एवढं मी ऐकलं होतं. गुरुजींनी विचारलं तेव्हा हे सगळं, लोट्याच्या काठासकट, माझ्या जिभेवर होतं. आपून तं कधी आयकलं नाही.

आणि मी पहिल्यांदा फेटा बांधला तेव्हा सारजाबुढी जिवंत होती. पुढची दोन वर्षं होती. पायऱ्यांच्या खाली टोपली घेऊन बसायची, तिथपर्यंत माझा शब्दन् शब्द पोचायचा. तो पोचावा म्हणून तर तिनं श्वास शिकवला होता. मी खाली उतरलो की माझ्या घोळक्यासमोर ती मला ओळखही दाखवायची नाही. फक्त एकदा, माणसं पुढं गेल्यावर, म्हणाली की आज आवाज बरा लागला. मी खूष झालो. खूष! ती गेली तेव्हा मयतीला गेलो, मागं उभा राहिलो, लवकर परतलो.

आता त्या सहलीच्या दिवसाकडं येतो.

माझा खेळ रंगात होता. मिशीला हात लावून मी तिसरी हाक दिली, ती वाजत परत आली, लोकांनी वा वा केलं. आणि घोळक्यातल्या एक मावशी, फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या, तोंडात सुपारी घोळवत म्हणाल्या, “किल्लेदार तं आत राह्यते ना भाऊ? मंग तुमचा आजा भायेर काहून?”

नऊ वर्षं! नऊ वर्षांत मास्तर आले, वकील आले, टोप्या घातलेले अभ्यासक आले. गोष्टीतलं एवढं मोठं भोक कोणालाच दिसलं नाही, मलाही नाही. चोरलेल्या बैलाच्या गळ्यात मालकाची घंटी तशीच राहावी आणि चोरानं तो बैल रोज बाजारातून मिरवावा — तसं झालं होतं. खिडकीत करुणाचा तिकीट फाडणारा हात थांबला.

माझ्यासारख्याला यातून निसटायला काय लागते? शिकार, नवस, पैज, दोन उत्तरं तर एकदमच तोंडात आली होती. ती मी गिळली. म्हणून तुम्ही म्हणाल, वा, शालिक खरं बोलला. नाही. मी त्याहून भारी काम केलं.

मी फेटा काढला. सावकाश. आवाज खाली घेतला, आणि म्हणालो की मावशी, हाच सवाल मला कित्येक महिने झोपू देत नाही. मी शोध घेतला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटलो, गावोगाव फिरलो. आणि मला उमगलं की हा दगड माझ्या घराण्याचा नाहीच. तो त्या खिडकीत बसलेल्या पोरीच्या घराण्याचा आहे. मी अजाणता चुकलो. आज तुम्हा सर्वांसमोर मी माझा पूर्वज परत करतो.

काय वाक्य आहे! लिहितानाही अंगावर काटा येते. मी स्वतः तिला हात करून बोलावलं, दगडापाशी नेलं, बाजूला सरलो. पुढचं तुम्ही सुरुवातीला ऐकलंच.

शोध घेतला. उमगलं. अजाणता. तीन शब्द, तिन्ही खोटे. गुरुजींनी मला मिठी मारली. पेपरात फोटो आला, दगडाचा लहान आणि माझा मोठा. समितीनं शाल-श्रीफळ दिलं. चोरीचा माल मालकाला परत केला आणि दानशूर म्हणून शाल पांघरून घरी आलो. करुणा त्या कार्यक्रमात खुर्च्या मांडत होती. मला शाल देताना तिनंही टाळ्या वाजवल्या, मोजून तीन.

त्यानंतर जे झालं त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी झाकणार नाही. झाकलेल्या गोष्टी पुष्कळ झाल्या. फलक बदलला. नवा मजकूर करुणानं लिहिला: ‘या दगडावर उभे राहून दार राखणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हाका दिल्या. गड आत झोपे. ते बाहेर जागे असत.’ एक शब्द फुगवलेला नाही, आणि तरी लोक वाचून चपला काढतात. आता गडावर नऊ जण आहेत आणि त्यांची आडनावं एका पानावर वाचली तर सगळी पंचक्रोशी वाचल्यासारखी वाटते. राखणदारी आणि झाडू पाळीपाळीनं सगळ्यांकडं असते, माझ्याकडंसुद्धा. निळ्या पेल्यात करुणानं झेंडूचं रोप लावलं. ते खिडकीत ठेवलं आहे आणि असं तरारलं आहे की काय सांगू. वरठीच्या कारखान्यातले कामगार सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींवर, बायकापोरांना घेऊन, फक्त तिच्या हाका ऐकायला येतात. ती आता मुख्य गाइड आहे, मी तिच्या हाताखाली. नागपूर ते गोंदिया तिच्या तोडीचा गाइड नाही. या साऱ्या लिखाणात न फुगवलेलं वाक्य शोधत असाल तर हे घ्या.

पण अभिमानाच्या आडून निसटायचं नाही असं ठरवून बसलो आहे. तर पुन्हा एकदा, सरळ. मला ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. मी पोर नव्हतो, मला कोणी धाक घातला नव्हता, गुरुजींसारखा भला माणूस समोर होता. हो म्हटलं असतं तर त्याच दिवशी फलक खरा झाला असता. माझं काम गेलं नसतं. काय गेलं असतं? फेटा. आणि कोणीतरी विचारलं असतं की शालिक, सारजाबाईपाशी तुझं काय काम होतं रे — आणि मला लोट्याचं सांगावं लागलं असतं. त्या एका लोट्यासाठी मी एका म्हातारीचे पूर्वज खाल्ले आणि तिच्या नातीचं दीड वर्ष. तिनं ‘बरं’ म्हटलं होतं. तिनं शब्द पाळला. मी तिच्या शब्दावर घर बांधलं.

काल ही पानं मी करुणाला नेऊन दिली. छापायच्या आधी तिनं वाचावी म्हणून. दुसरं काही म्हटलं नाही. तिनं हातात पेन घेऊनच वाचली, फलकाचा मजकूर तपासते तशी. वरठीच्या गाडीवर काट मारली. अस्वलाशी प्रश्नचिन्ह केलं. लोट्याचं पान आलं तिथं पेन थांबलं. ते पान तिनं दोनदा वाचलं. मग पुढची वाचली, शेवटपर्यंत, पानं टेबलावर आपटून एकसारखी केली आणि माझ्या हातात दिली. मी उभाच होतो. बाहेर बसचा हॉर्न वाजला. तिनं गळ्यात ओळखपत्र अडकवलं, दारापर्यंत गेली, आणि मागं न वळता म्हणाली, “बाकी बराबर हाये, शालिकभाऊ. हाका तेवढ्या चार असतात. चवथी आजीनं तुमाले सांगतली नाही.”